उजवी सीट

कार्ड एकच आहे माझं.
फोटोखाली दोन ओळी : हलकं वाहन, जड वाहन.
जड म्हणजे बावीस चाकं,
सीजीच्या डोंगरातला फोडलेला दगड
फुजैराच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा,
दिवसाला पाच खेपा, जमल्या तर सहा.
हलकं म्हणजे बिजूकडून घेतलेली सनी,
तिचं मागचं एक दार आतून उघडत नाही.

आज बिजूचा निरोप होता.
सतरा वर्षांनी कायमचा चालला कोट्टयमला.
हॉटेलच्या तळघरात, कुणीतरी जुनी गाणी बेसूर म्हणत असताना,
त्यानं ग्लास सरकवला :
‘पाष्टे, आज तुझी ट्रिप नाही.’
खरंच नव्हती.
ट्रेलर यार्डात, किल्ली फोरमनच्या खिळ्याला.
मी एक घेतली.
मग बिजू रडायला लागला म्हणून आणखी एक.

बलविंदरचा भाऊ फ्रेस्नोला ट्रक चालवतो.
तिकडं म्हणे रक्तातल्या दारूचे आकडे दोन,
दशांशचिन्ह आणि शून्याच्या पुढचे :
ट्रकवर असलास तर चार,
आपल्या गाडीत, आपल्या वेळेत, आठ.
‘पण बायकोच्या गाडीत आठ ओलांडलेस
तरी ट्रकचं लायसनसुद्धा जातं.’
टेबल हसलं.
गुलजमान तेवढा हसला नाही,
तो पीत नाही, मटणासाठी आला होता.
हाड चोखत म्हणाला,
इथलं बरं आहे. शून्य.
शून्य अंगठेबहाद्दरालाही वाचता येतं.

साडेबाराला पार्किंगमध्ये हवा
पिळायचं राहिलेल्या फडक्यासारखी.
कॅम्प अकरा किलोमीटर.
टॅक्सीचे तीस दिरहम,
मी मनातल्या मनात त्यांचे रुपये केले आणि गप्प बसलो.
सहा गोल चक्कर,
दगडानं भरलेला ट्रेलर रोज फिरवतो मी त्यांवरून,
ही तर सनी. चपलेएवढी.
तोंडात वेलची टाकली,
दार उघडलं, बसलो, दार ओढलं,
हात पुढे केला

तर स्टिअरिंग नव्हतं.

कप्पा होता. त्यात बिजूची विसरलेली जपमाळ
आणि टायरची पावती.

चौदा वर्षं मी या देशात डावीकडे बसतोय.
झोपेत उठवलं तरी डावंच दार उघडीन
अशी माझी समजूत.
आणि दोन ग्लासांनी मला उचलून
भरणे नाक्यावरच्या टेम्पोत नेऊन ठेवलं होतं,
उजवीकडे,
मागे बर्फ, बर्फाखाली बांगडा,
पायाशी भोक, भोकातून पळणारा रस्ता.
मी तेवीस वर्षांचा.
कुणी फुंकायला लावलं नाही.
नळी नाही, शिपाई नाही, यंत्राची शिट्टी नाही.

किती वेळ हसलो कोण जाणे.
मग जान्हवीची नर्सिंगची फी आठवली,
तिसरा हप्ता,
आणि हसू घशातच बसलं.

वॉचमन टेकबहादूरनं काचेवर टकटक केली.
मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली,
म्हटलं, मागितली तरी देऊ नकोस.
‘कब तक, अंकल?’
ते मला सांगता येईना.
त्यानं किल्ली टोपीत टाकली, टोपी डोक्यावर.

तिथंच झोपलो, उजव्या सीटवर, गुडघे कप्प्याला लावून.
चार-चाळीसला फोन. फोरमन.
एक ड्रायव्हर आला नाही,
सुट्टी रद्द, दुप्पट देतो, ये.
समोर डोंगर अजून काळाच,
समुद्राकडून डिझेलचा वास.
जिभेवर वेलची होती. वेलचीच्या खालीही काहीतरी होतं.
सांगितलं, ताप आहे.
‘कितना?’
थोडा, म्हटलं. पण आहे.

टेकबहादूर ड्युटी संपवून आला, टोपी काढली.
मी डावं दार उघडून आत पाहिलं,
सीट, पेडल, चक्र, सगळं जागेवर.
बसलो नाही.
म्हटलं, चहा पाज आधी.